दोन विमानतळ आणि मधले दोन दिवस

आमचे घर सावंतवाडीला. थोरली ताई चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गोंदियाला गेली. राज्य एकच, पण एक घर दक्षिण टोकाला, दुसरे पूर्व टोकाला. त्यामुळे तिचे माहेरपण नेहमी प्रवासातच अर्धे संपायचे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या चिपीहून विमाने उडू लागली. मार्च २०२२ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरूनही प्रवासी विमान सुटले. मी हौसेने नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत अंतर सुमारे ९४० किलोमीटर! सत्तर-बहात्तर आसनांचे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. चढणे-उतरणे धरून फार तर सव्वादोन तास. आईला म्हटले, "सकाळी पेज जेवून निघालीस, तर दुपारी ताईच्या पानावर बसशील."

त्याच मे महिन्यात ताई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. तेव्हा पट्टीचा हिशेब कोलमडला. चिपीचे विमान मुंबईला जायचे, बिरसीचे इंदूर आणि हैदराबादला. दोन्ही गावांत विमानतळ, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही! वेळा जुळवता जुळवता दमलो. अखेर एसटीने आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठले आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. राज्याची हद्द न ओलांडता ही गाडी अख्खा महाराष्ट्र पालथा घालते. दुसऱ्या दिवशी रात्री गोंदियाला उतरलो, तेव्हा ताईला जाऊन काही तास झाले होते.

दोष मी कुणा एकाला देत नाही. चिपी ते गोंदिया रोज थेट विमान सोडा, अशी मागणीही करणार नाही. तेवढे उतारू मिळणार नाहीत आणि रिकाम्या खुर्च्या घेऊन कुणी उडत नाही. २०१६ च्या 'उडान' योजनेत अशा मार्गांवरची तूट काही वर्षे सरकार भरून देते. पण ती मुदत संपल्यावर मार्ग टिकायचा, तर त्याला पुढची जोड हवी. लहान गावाचे विमान मोठ्या शहरात पोचावे, तेव्हा दुसऱ्या लहान गावाचे विमान तिथे उभे असावे. तिकीट एकच असावे, आणि उतरल्यावर दाराशी एसटी मिळावी. यासाठी नवी धावपट्टी लागत नाही, वेळापत्रक लागते.

विमानतळ किती बांधले, हे अभिमानाने सांगितले जाते. एका लहान गावातून दुसऱ्या लहान गावात माणूस किती तासांत पोचतो, हेही एकदा मोजावे.

परतल्यावर आईने एवढेच विचारले, "विमान झाला ना रे आता? मगे इतको वेळ कित्याक लागलो?"

मी पट्टी कपाटात ठेवून दिली.