शेजाऱ्याचा डोळा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा गच्चीच्या गळतीचा विषय पाच मिनिटांत उरकला आणि दीड तास चर्चा झाली ती कॅमेऱ्यांवर. चर्चा कसली, एकमतच! फाटक, जिने आणि पार्किंगमधील कॅमेऱ्यांची चित्रे यापुढे प्रत्येक सभासदाच्या मोबाईलवर दिसावीत, शेजारच्या दोन इमारतींनीही आपले कॅमेरे यात जोडावेत, म्हणजे सारी गल्ली एकमेकांच्या नजरेखाली राहील, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. विद्यार्थिनीला तिथे मत नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

लोकांची भीती खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी आजी पूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहत असे. १९७६ सालच्या जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांच्या हत्यांनंतर पुणेकर दिवेलागणीलाच दाराला कड्या घालू लागले, हे ती आजही सांगते. गंमत म्हणा वा दुर्दैव, मारेकरी कोणी बाहेरचे दरोडेखोर नव्हते. याच शहरात कला शिकणारे विद्यार्थी होते. पुढे २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, आणि चौकाचौकांत कॅमेरे आले. मंगळसूत्र हिसकावून पळालेल्या मोटारसायकलचा माग पोलीस आज एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात असा काढत जातात. त्यात एखाद्या सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा उपयोगी पडत असेल, तर तो जरूर असावा.

परंतु कॅमेरा गुन्हा टाळतो का? ब्रिटनमध्ये याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. वाहनतळावरच्या चोऱ्या कॅमेऱ्याने घटतात. मारामाऱ्या आणि खून मात्र फारसे घटत नाहीत, असे त्यातून दिसते. आपलेच उदाहरण घ्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. परिसरातल्या कॅमेऱ्यांतली चित्रे अस्पष्ट निघाली. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तेव्हा त्या सकाळी तिथे असलेल्या महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्याची साक्ष महत्त्वाची ठरली होती. त्याने पाहिले आणि न्यायालयात उभे राहून सांगितले. यंत्राला हे दुसरे काम जमत नाही.

आता आमच्याच इमारतीतली गोष्ट. गेल्या वर्षी एका घरातली सोन्याची बांगडी नाहीशी झाली. कामाला येणाऱ्या बाई दुपारी पिशवी घेऊन जिना उतरताना कॅमेऱ्यात दिसल्या. पिशवीत रात्रीचा उरलेला भात होता, पण ते चित्रात कसे दिसणार? ‘हीच ती’ असे लिहून ती चित्रफीत तासाभरात तीन इमारतींत फिरली. बाईंची चार घरे सुटली. चौथ्या दिवशी बांगडी त्याच घरात, साडीच्या घडीत सापडली. ही बातमी मात्र कोणी कोणाला पाठवली नाही! मीही नाही. हे लिहिताना लाज वाटते.

आजीचे म्हणणे, “वाड्यात नजरा काय कमी होत्या?” नव्हत्याच कमी. कोणाकडे कोण आले, कोण उशिरा परतले, सारे चौकात कळत असे, आणि त्याचा जाच बायकांनाच अधिक. पण ओट्यावर बसून पाहणारी म्हातारी आपल्यालाही दिसत असे. तिला उलट विचारता येई. आणि आरडाओरडा झाला तर पहिली धावत येई तीच. मोबाईलवर पाहणारा मात्र कोणालाच दिसत नाही. वाचनालयातून मी रात्री किती वाजता परतते, हे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आईच्या आधी कळते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. काकूंपर्यंत ते अजून पोचलेले नाही. शिवाय कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द बदलण्याची तसदी कितीजण घेतात? २०१६ मध्ये असे लाखो कॅमेरे आणि तत्सम उपकरणे याच चुकीमुळे परक्यांच्या ताब्यात गेली होती. शेजाऱ्याला उघडलेली खिडकी चोरालाही उघडी राहू शकते.

माझे म्हणणे एवढेच की कॅमेरे फाटकावर आणि पार्किंगमध्ये असावेत, कोणाच्या दारावर रोखलेले नसावेत. चित्रे पंधरा-वीस दिवस ठेवून पुसावीत. तक्रार आली तरच दोन पदाधिकाऱ्यांनी मिळून ती पाहावीत, कोणी व कशासाठी पाहिली ते वहीत लिहावे, आणि गरज पडल्यास पोलिसांना द्यावीत. गटावर टाकू नयेत. या आशयाचा अर्ज मी लिहून बाबांकडे दिला आहे, कारण सभासद ते आहेत. “आधीच पार्किंगवरून वाकडे आहे, त्यात हे कशाला?” असे ते म्हणाले, पण अर्ज त्यांनी परत केलेला नाही.