यादी अल्बमची, झडती इमानाची

१९९७ या एका सालातले माझे आवडते रॉक-पॉप अल्बम असे: पहिला जुनूनचा 'आझादी', दुसरा रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर', तिसरा ए. आर. रहमानचा 'वंदे मातरम्', चौथा आशा भोसले आणि लेस्ली लुईस यांचा 'जानम समझा करो'.

वसईतल्या ओळखीच्यांना ही यादी सांगितली, तर संगीताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काहींनी विचारलं, पाकिस्तानी बँड पहिला आणि 'वंदे मातरम्' तिसरा, हे कसं काय? आपल्यातले काही म्हणाले, मुसलमानाने गिटार ऐकायचीच कशाला, आणि वर त्या नावाचा अल्बम यादीत कशाला?

दोघांनाही सांगतो, ही यादी आहे, शपथपत्र नाही.

'आझादी' पहिला, कारण त्यात इलेक्ट्रिक गिटार आणि तबला एकाच घरातले वाटतात. त्यातलं 'खुदी' इक्बालच्या शेरावर उभं आहे. याच इक्बालचं 'सारे जहाँ से अच्छा' आपण शाळेत गायलो. बँडचा बेस वाजवणारा ब्रायन ओकॉनेल तर अमेरिकन. आता कुणाचा पासपोर्ट तपासणार?

'ओके कॉम्प्युटर' यंत्रं, वेग आणि गर्दीतला एकटेपणा यांविषयी आहे. विरार फास्टच्या दारात लटकणाऱ्याला तो परका वाटू नये.

'वंदे मातरम्' स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, ऑगस्ट १९९७ मध्ये आला. 'माँ तुझे सलाम' मेहबूब यांनी लिहिलं, रहमानने गायलं. आजही अंगावर काटा येतो. 'गुरूज ऑफ पीस'मध्ये रहमानसोबत नुसरत फतेह अली खान गातात. त्याच महिन्याच्या १६ तारखेला ते गेले. म्हणजे ज्या अल्बमवरून माझी निष्ठा मोजता, त्यातच एक पाकिस्तानी आवाज आहे. तो ऐकलात का? बाकीची काही गाणी मला सैल वाटतात, म्हणून तिसरा नंबर. मी गुण गाण्यांना दिले, देशाला नाही.

'जानम समझा करो' चौथा, कारण चाली हलक्या आहेत. पण चौसष्टीतल्या आशाबाईंचा तो खट्याळ आवाज सोडवत नाही.

आता हरामचा मुद्दा. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि अटी घालून मुभा दिली. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, हे मलाही माहीत आहे. तुम्हाला ऐकायचं नसेल तर ऐकू नका. पण जिथे मोठमोठ्या आलिमांचं एकमत नाही, तिथे शेजाऱ्याचं इमान तोलायचा तराजू तुमच्या हातात कुणी दिला?

माझ्या यादीशी जरूर भांडा. जुनूनला चौथा ठेवा, आशाबाईंना पहिलं ठेवा, मी ऐकून घेईन. अट एकच: आधी चारही अल्बम ऐका, मग तोंड उघडा.