तीन बोटांची तपासणी

गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी पारोळ्यात काय, धुळ्यात काय, आपल्या पोरांच्या गालात पुडी असतेच. म्हणून या वेळी आम्ही जबड्याविषयी लिहीत आहोत.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखे एक हाड. कानांपुढच्या दोन सांध्यांवर ते हलते, म्हणून आपण चावतो, बोलतो. गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगाने ते पोखरले, तर तेवढा तुकडा काढावा लागतो.

ती जागा भरायला पुष्कळदा पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून बसवतात. टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू ते धरून ठेवतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीवर असल्याने रुग्ण पुन्हा चालू लागतो. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी दाखवले. १९६५ मध्ये त्यांनी त्याच्या आधारे पहिल्या रुग्णाला दात बसवले. नव्या जबड्यातही काहींना असे दात बसवता येतात.

पण तिथवर जायचेच कशाला? तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा दोन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर लगेच दंतवैद्याला दाखवा. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

रमजानमध्ये सेहरीपासून इफ्तारपर्यंत पुडीशिवाय निभते. मग इफ्तारनंतरही निभेल.