प्रॉडक्शनला न गेलेली गाडी

आमच्या धंद्यात 'प्रॉडक्शनला गेलं' म्हणजे काम झालं. त्याआधीचं सगळं पीओसी. डेमोला टाळ्या पडतात, बॉस खूश होतो आणि तीन महिन्यांनी कोणी नावही काढत नाही. म्हणूनच बहुधा टाटांची रेसमो माझ्या डोक्यातून जात नाही.

विसरला असाल तर सांगतो. मार्च २०१७, जिनिव्हाचा मोटर शो. दोन सीटची छोटी स्पोर्ट्‌स कार, इंजिन सीटच्या मागे, दारं पंखांसारखी वर उघडणारी. इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बो लावून १९० पीएस काढलेले. शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत, असा दावा. फोर्झा होरायझन ३ या गेममध्येही ती आली. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत तिचं इलेक्ट्रिक रूप दाखवलं. आणि मग... सगळं गुंडाळलं. चालवायची तर गेममध्येच!

मागे दिवाळीत बाबांना घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांना मोबाईलवर फोटो दाखवला. पहिला प्रश्न अर्थातच, "मायलेज किती देते?" दुसरा, "दोनच सीटा? मंग आई कुठी बसन तुही?"

मी हसलो. पण कंपनीच्या मीटिंगमध्येही थोड्याफार फरकाने हेच विचारलं गेलं असणार. आणि ते चूक नव्हतं. तेव्हा टाटांचा कारचा धंदा तोट्यात होता. त्याच वर्षी आलेली नेक्सॉन घरोघरी पोचली, ती आईला बसता येतं म्हणूनच.

माझं दुखणं वेगळं आहे. हे पहिल्यांदा झालेलं नाही. २००० साली जिनिव्हातच टाटांनी आरिया नावाची रोडस्टर दाखवली होती, २००१ मध्ये तिची कूपे. दोन्ही आल्या नाहीत. २०१० मध्ये तेच नाव एका मोठ्या फॅमिली गाडीला चिकटवलं. नाव वाचलं, गाडी गेली.

पीओसी बंद करण्यात लाज नाही, मी स्वतः कितीतरी केलेत. पण अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टमधून माणूस अर्धंच शिकतो. गाडी विकल्यावर येणाऱ्या तक्रारी, सुटे भाग, पावसात गळणारं दार, खरं इंजिनिअरिंग तिथे कळतं. म्हणून माझं मत असं, की पन्नासच बनवायच्या होत्या, तोटा सोसून. तो तोटा नव्हे, फी समजायची.

'आपल्याकडे असल्या गाड्यांना रस्ते कुठे आहेत?' हे नेहमीचं कारण आता निदान वऱ्हाडात तरी चालणार नाही. आम्ही नुकतेच ज्या रस्त्याने आलो, त्याच अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता डांबरून काढली होती. गिनीजमध्ये नोंद झाली. वऱ्हाडातला जून, वर गरम डांबर! पण काम पुरं केलं. तो डेमो नव्हता, त्यावरून रोज ट्रक जातात.

हे सगळं लेक्चर बाबांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवत म्हणाले, "म्हंजे रस्ता तं झाला बापा. गाडीच राह्यली."