कूलंट घेताना रंग नको, लेबल बघा



मागच्या वेळी टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं, त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न टायरचा नव्हताच. "कूलंट हिरवं घालू की गुलाबी?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. बऱ्याच जणांकडे गाडीही घरातलीच आलेली आहे, म्हणजे बाबांनी दहा-बारा वर्षं वापरून मुलाच्या किंवा मुलीच्या हातात किल्ली दिलेली. अशा गाडीत आधी काय घातलंय हे कुणालाच नक्की आठवत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर ते असं: रंगावरून कूलंट ओळखता येत नाही. रंग हा नुसता मिसळलेला डाय असतो. फाईलचं नाव बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही, तसंच हे. टोयोटाचं लांब मुदतीचं कूलंट गुलाबी असतं आणि फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांतलंही गुलाबी-जांभळ्या छटेचं असतं, पण दोघांची रसायनं वेगळी. होंडाचं निळं असतं, म्हणून बाजारातला कुठलाही निळा कॅन होंडाला चालतो असं नाही.

आता घराघरांतला वादाचा मुद्दा. "आम्ही आयुष्यभर नळाचं पाणी घातलं, काही झालं नाही," असं बाबा म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. त्या काळच्या गाड्यांचं इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आतले मार्ग रुंद. गंज धरायचा, पण गाडी ओढून न्यायची. आजच्या इंजिनात ॲल्युमिनियम भरपूर आहे, रेडिएटरच्या नळ्या बारीक आहेत आणि टाक्या प्लास्टिकच्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार याच बारीक नळ्यांत साचतात. शिवाय पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजायला लागतो.

कूलंटचं खरं काम इथे आहे. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मग ग्लायकॉल कशाला? एक तर उत्कलनबिंदू वाढवायला. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, म्हणजे इथे ते साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. इंजिन मात्र ९० ते १०० अंशांवर चालतं. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब, एवढं जमलं की उकळी १२० अंशांच्या पुढे जाते. बर्फ न होऊ देणं हा त्याचा दुसरा गुण आपल्याकडे कामाचा नाही. पण गंजरोधक रसायनं हा तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा, आणि कूलंटांत फरक असतो तो इथेच.

ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिलं आयएटी, जुन्या पद्धतीचं. ते आतल्या सगळ्या पृष्ठभागावर पातळ थर चढवतं, पण लवकर संपतं. साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं. दुसरं ओएटी, सेंद्रिय आम्लांवर चालणारं. ते जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं, म्हणून साधारण पाच वर्षं टिकतं. तिसरं या दोघांचं मिश्रण, एचओएटी. त्यातही जपानी आणि कोरियन कंपन्या फॉस्फेटवालं पसंत करतात, तर युरोपीय कंपन्या बहुधा सिलिकेटवालं. युरोपात बऱ्याच भागांत पाणी जड, त्यात फॉस्फेट पडलं की साका बसतो, म्हणून ते टाळतात.

मग निवडायचं कसं? डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढा. त्यात कूलंटचा प्रकार किंवा कंपनीचा स्वतःचा स्पेसिफिकेशन क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक कॅनच्या मागच्या बाजूला शोधा. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ हे दर्जाचे क्रमांक असले तर चांगलंच, पण ते किमान पात्रता सांगतात. तुमच्या गाडीला नेमकं तेच चालेल असा त्यांचा अर्थ नाही. 'सर्व गाड्यांसाठी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर मागचं बारीक अक्षर जास्त लक्ष देऊन वाचा.

कॅन दोन प्रकारचे मिळतात. प्रीमिक्स थेट ओतायचा, त्यात आणखी पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाणी मिसळायचं, आणि ते बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी. घरचं आरओचं पाणी त्याची जागा घेत नाही. छोट्या गाडीला एकूण चार-सहा लिटर लागतं. हिशोब जमत नसेल तर सरळ प्रीमिक्स घ्या.

आधी काय घातलंय ते माहीत नसलेल्या गाडीचं काय? वरून अंदाजाने भर घालू नका. दोन घराणी एकत्र आली की गंजरोधकांचं आयुष्य घटतं, कधी कधी चिखलासारखा गाळही धरतो. जुनं सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवीन भरून घ्या. नुसता खालचा बूच उघडला तर ब्लॉकमधलं बरंच जुनं द्रव आतच राहतं, म्हणून मिस्त्रींना "फ्लश करून, हवा काढून द्या" असं स्पष्ट सांगा. तारीख आणि कॅनचं नाव चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवा. पुढच्या माणसाला तुमच्यासारखं कोडं पडणार नाही.

याची परीक्षा आपल्याला घरापासून फार लांब द्यावी लागत नाही. गोव्याहून परतताना केरीपासून चोर्ला घाट चढायला लागतो. पहिला-दुसरा गिअर, पुढे ट्रक, आत पाच माणसं, एसी चालू, समोरून वारा कमी. काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. तरीही काटा लाल खुणेकडे गेला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, आतला दाब उकळतं द्रव थेट तोंडावर फेकतो. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पातळी खाली दिसली तर बाटलीतलं स्वच्छ पाणी घालून घर गाठता येतं. मात्र मग गळती शोधून कूलंट बदलायचं. तसंच ठेवायचं नाही.

कूलंट वारंवार कमी होत असेल तर भर घालत राहणं हा उपाय नव्हे. होज, पाण्याचा पंप, रेडिएटर तपासा. सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. कूलंट बदलायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट हेड उघडायला लागतो.

शेवटी लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्यायल्यास जीवघेणं आहे. उरलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, गटारात किंवा अंगणात ओतू नका. कुत्र्या-मांजरांनाही त्याची गोडी लागते. जुनं काढलेलं गॅरेजमध्येच सोडा.

या रविवारी गाडी गार असताना बॉनेट उघडून टाकीवरच्या मिन आणि मॅक्स खुणा बघा, आणि बाबांनाही बोलवा. गाडी कधी, कुठे तापली होती, कुठल्या गॅरेजमध्ये काय केलं होतं, हे पुस्तकात नसतं, त्यांना ठाऊक असतं. पुढच्या अंकात पावसाळ्याआधी वायपर आणि काचेबद्दल लिहीन.