घटातील जळ आणि तळ्यातील जळ

घटस्थापनेच्या प्रातःकाळी घरोघरी एकच प्रसंग घडत असतो. शेतातून आणलेली काळी माती पत्रावळीवर पसरावयाची, तीत सप्तधान्य पेरावयाचे, मध्ये कलश ठेवावयाचा आणि त्यातील तांब्याभर पाण्यात गंगा-यमुनेपासून कावेरीपर्यंतच्या सप्तनद्यांनी येऊन वास करावा, अशी प्रार्थना करावयाची. ते पाणी प्रत्यक्षात कोठून आले, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्याच मनात येत नाही. आज तो प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

आम्ही पैठणचे. गेली तीस वर्षे नवरात्रातील एका रात्री हर्सूल येथे हरसिद्धी मातेपुढे कीर्तनसेवा करण्याचा योग आम्हांस लाभत आला आहे. त्यामुळे हर्सूल आणि पैठण ही दोन गावे आमच्या मनात एका सूत्राने बांधली गेली. ते सूत्र पाण्याचे आहे, हे मात्र आम्हांस फार उशिरा कळले. जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावणारी खाम नदी हर्सूलच्या तलावातून पुढे निघते, पाणचक्कीला वळसा घालून छत्रपती संभाजीनगर शहर ओलांडते, वाटेत वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते आणि अखेर गोदामाईच्या कुशीत, आमच्या नाथसागरात विसावते. त्याच नाथसागराचे पाणी नळांवाटे पुन्हा शहरात येते आणि हर्सूलच्या पायथ्याशी नांदणाऱ्या घरांतील कलशात पडते. म्हणजे वर जे सोडले तेच फिरून घटात आले. कर्मफळाचा सिद्धान्त समजावून सांगण्यास आम्हां कीर्तनकारांना याहून सुलभ दृष्टान्त कोणता मिळणार?

येथे आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. कीर्तन आटोपल्यावर गळ्यात पडलेले हार आम्ही अनेक वर्षे नेमाने जलाशयात सोडत असू. देवीचे निर्माल्य पायदळी जाऊ नये, एवढाच शुद्ध भाव त्यामागे होता. आमचे डोळे उघडले ते आमच्या नातवामुळे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील स्पर्धेसाठी त्याने दोन काचेच्या बरण्यांत तळ्याचे पाणी भरून त्या खिडकीत उन्हाला ठेविल्या. एकीत काहीच घातले नाही, दुसरीत झेंडूची चार फुले आणि शेतीच्या खताची चिमूट टाकली. आठ-दहा दिवसांत पहिली बरणी बहुतांशी होती तशीच राहिली. दुसरी हिरवीगार झाली आणि झाकण उघडताच घरभर दुर्गंधी सुटली. चिरंजीवांना बक्षीस मिळाले नाही. रुसून त्यांनी बरण्या उकिरड्यावर फेकावयास काढल्या, तेव्हा आम्ही त्या मागून घेतल्या आणि त्या वर्षी हर्सूलच्या कीर्तनात पूर्वरंगालाच श्रोत्यांपुढे मांडल्या.

त्या बरणीत घडले तेच तळ्यात घडते. नत्र आणि स्फुरद ही पिकांची पोषकद्रव्ये. शेतात ती अन्न होत, परंतु पावसाबरोबर वाहून, सांडपाण्यातून किंवा निर्माल्यातून ती साचलेल्या पाण्यात उतरली, की तेथे शेवाळ आणि जलपर्णी यांची मेजवानी होते. ते शेवाळ मरून कुजू लागले म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. काही जातींचे शेवाळ तर प्रत्यक्ष विष निर्माण करते. असे पाणी पिऊन गुरे दगावल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. कॅनडा देशातील शास्त्रज्ञांनी १९७३ साली एक सरोवर मधोमध पडदा लावून दुभागले. एका भागात कर्ब आणि नत्र सोडले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद. ज्या भागात स्फुरद पडले तोच हिरवा झाला. नातवाच्या दोन बरण्यांचेच ते विराट रूप होते. तात्पर्य, पोषण हेही स्थानभ्रष्ट झाले, की त्याचे विष होते.

या विषावर उतारा शोधण्यासाठी अलीकडे जगात मोठमोठ्या स्पर्धा लावल्या जातात. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात एव्हरग्लेड्स नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. त्याच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने आपले दिवंगत संस्थापक जॉर्ज बार्ली यांच्या नावाने २०१६ साली एक कोटी डॉलरांचे पारितोषिक घोषित केले. गोड्या पाण्यातील स्फुरद अल्प खर्चात आणि मोठ्या प्रमाणावर जो काढून दाखवील, त्याच्यासाठी हा पण होता. स्फुरदाचे प्रमाण किती खाली आणावयाचे? त्या पाणथळासाठी ठरलेली मर्यादा एक अब्ज भाग पाण्यात दहा भाग इतकी सूक्ष्म आहे. स्पर्धकांची यंत्रे कडाक्याच्या थंडीतही चालतात किंवा नाही, हे पाहण्यासाठी २०१८ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात त्यांची कसोटी घेण्यात आली. द्रौपदीच्या स्वयंवरातील मत्स्यभेदापेक्षा हा पण सोपा होता, असे कोण म्हणेल?

दुसरी स्पर्धा तुलेन विद्यापीठाची, दहा लक्ष डॉलरांची. मिसिसिपी नदी शेतांतील नत्र वाहून नेऊन मेक्सिकोच्या आखातात ओतते आणि तेथे दर उन्हाळ्यात प्राणवायूविना मृतवत् झालेला जलपट्टा निर्माण होतो. २०१७ च्या उन्हाळ्यात तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर पसरला होता, म्हणजे आपल्या संपूर्ण जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक. या संकटावर उपाय मागविण्यात आले आणि निवडक उपायांची लुइझियाना राज्यातील शेतावर परीक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस निकाल लागला. पाणी गाळणाऱ्या यंत्राला बक्षीस मिळाले असेल, असा वाचकांचा तर्क होईल. तसे झाले नाही. बक्षीस मिळाले ते हवामान, माती आणि पीक यांचा मेळ घालून शेतकऱ्याला ‘या घडीला एवढेच नत्र पुरे’ असे सांगणाऱ्या संगणकीय गणिताला.

हा निकाल वाचून आम्हांस सुश्रुताचार्यांचे स्मरण झाले. रोगाचे कारण टाळणे, निदानपरिवर्जन, हेच चिकित्सेचे सार त्यांनी सांगितले आहे. सातासमुद्रापलीकडील पंडितांनी लक्षावधी डॉलर खर्चून जो निर्णय दिला, तो आपल्या वैद्यकाच्या पहिल्या पाठाशी जुळावा, याचा आम्हांस आनंद वाटतो, गर्व मात्र वाटत नाही. कारण पाठ आमचा असला तरी आचरण आमचे नाही. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असे व्रत तैत्तिरीय आरण्यकात सांगितले आहे. ते आरण्यक मुखोद्गत असलेला ब्राह्मणही हार तळ्यात सोडून मोकळा होतो, हे आम्ही आमच्याच उदाहरणाने वर सांगितले आहे.

स्पर्धेचा मार्ग आपल्या महाराष्ट्रालाही नवखा नाही. दिवसा झाडू आणि रात्री कीर्तन हा ज्यांचा नेम होता, त्या गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या पांढरीने कात टाकली. २०१६ साली जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने श्रमदान करून पहिला क्रमांक मिळविला. २०२० साली शासनाने ‘माझी वसुंधरा’ अभियान काढले. त्यात पृथ्वी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांनुसार गावांना आणि शहरांना गुण दिले जातात. आमची खामही यात मागे नाही. २०२१ मध्ये महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि वॅरॉक उद्योगसमूह यांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले आणि शहरांसाठी दिल्या जाणाऱ्या एका जागतिक पारितोषिकाच्या २०२३-२४ च्या अंतिम फेरीत त्याची निवड झाली. ज्या नदीकडे नाक दाबून पाहावे, तिचे नाव जगाच्या दरबारात घेतले गेले, हे कौतुक लहान नव्हे.

तथापि काही सज्जन विचारतात, “पाणी स्वच्छ ठेवणे हा धर्म. त्यासाठी बक्षिसाचा लोभ कशाला?” त्यांना आमचे उत्तर मीमांसाशास्त्रातून आहे. शास्त्राने कर्मांचे भेद सांगितले. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी, हे काम्यकर्म. त्याला फळ आहे आणि ते हवे असेल त्यानेच ते करावे. संध्या, अग्निहोत्र ही नित्यकर्मे. ती फळासाठी नव्हेत, परंतु न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. व्रताच्या प्रत्येक पोथीअखेर फलश्रुती असते, ती नवख्याला व्रताच्या उंबरठ्यापर्यंत आणण्यासाठी. स्पर्धेचे बक्षीस ही अशीच फलश्रुती होय. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. शोध लावावयाचा तर स्पर्धा उत्तमच, कारण तेथे कोणाचा कुलवृत्तान्त कोणी विचारीत नाही, ज्याचा उपाय चालला तो श्रेष्ठ.

परंतु फलश्रुती म्हणजे व्रत नव्हे. परीक्षक येणार म्हणून गाव झाडले आणि निकालानंतर पूर्ववत् झाले, अशी गावे आम्ही कीर्तनाच्या फिरतीत डोळ्यांनी पाहिली आहेत. रुसलेल्या नातवाने बरण्या फेकावयास काढल्या, त्यातलाच हा प्रकार. शोध लावणे काम्य असेल, पाणी निर्मळ राखणे मात्र नित्यकर्म आहे. ते चुकले, तर प्रत्यवाय परलोकापर्यंत थांबत नाही, तो आठवड्याभरात नळातून घरी येतो.

बरण्या पाहिल्यावर हर्सूलच्या कीर्तनात एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, “महाराज, खत घातलं नाही तर पीक येईल कसं? आणि आमच्या चार फुलांनी तळं नासतं, मग शहराचं गटार रोज नदीत येतं त्याचं काय?” दोन्ही प्रश्न रास्त होते आणि त्यांना बगल देणे आमच्या व्यासपीठाला शोभले नसते. खत सोडावे असे कोणी म्हणत नाही. माती तपासून, पिकाला हवे तेव्हा, हवे तेवढे द्यावे. मृद् आरोग्य पत्रिका २०१५ पासून त्यासाठीच दिली जाते. ती भिंतीवर टांगून न ठेवता वाचावी. सांडपाण्याविषयी तर त्या शेतकरीबाबांचेच खरे. नदीवरील मोठा भार सांडपाण्याचा आहे, निर्माल्याचा वाटा त्यापुढे थोडा. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत जाऊ नये, हे काम नगरपालिका आणि शासन यांचे आहे आणि ते झाले की नाही, हे नागरिकांनी दरवर्षी विचारलेच पाहिजे. परंतु आपला हार तळ्यात टाकून वर तोंडाने शासनाला जाब विचारणाऱ्याच्या शब्दाला वजन कोठून येणार?

म्हणून यंदा एवढेच करावे. निर्माल्य पाण्यात न सोडता घराच्या किंवा मंदिराच्या आवारात खड्ड्यात पुरावे. वर्षाअखेर त्याचे उत्तम खत होते. ते पुढच्या नवरात्रात घटाच्या मातीत मिसळावे आणि उरलेले तुळशीला घालावे. ज्याचे पाण्यात विष झाले असते, त्याचे मातीत पुन्हा अन्न होईल. उत्सव मंडळांना चढाओढ हवीच असेल, तर रोषणाईबरोबर याचीही लावावी. आम्ही परीक्षक म्हणून येऊ, मानधन नको.

परीक्षेची कसोटी आमच्या पैठणानेच घालून दिली आहे. काशीहून कावडीने आणलेले, रामेश्वराला वाहावयाचे गंगाजळ नाथमहाराजांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले आणि ते देवालाच पोहोचले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. आम्हीही ती शेकडो वेळा सांगितली. आता सांगताना मात्र मन अडखळते. आज नाथमहाराज हर्सूलच्या काठावरून चालले आणि त्यांनी ओंजळ भरली, तर ते पाणी त्या मुक्या जिवाला निःशंकपणे पाजता येईल काय? ज्या दिवशी हर्सूलपासून पैठणापर्यंत कोठेही ओंजळ भरून ‘पाजता येईल’ असे म्हणता येईल, त्या दिवशी आपल्या घटातील सप्तनद्यांचे आवाहन खरे झाले, असे आम्ही समजू.

जगदंबा सर्वांस तशी बुद्धी देवो. रामकृष्णहरि.