कोड पुसला म्हणजे मशीन दुरुस्त झालं?

पोस्ट लांब आहे. जुनी पोकलेन किंवा जेसीबी घेतलेले, घ्यायच्या विचारात असलेले आणि पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी झोपणारे, या तिघांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आमच्या ओळखीतला एक मशीनमालक. नाव घेत नाही, आधीच बिचाऱ्याची पुरेशी शोभा झालीय. बायकोचं सोनं गहाण टाकून, वर फायनान्स काढून त्याने सेकंडहँड पोकलेन घेतली. इंजिन इलेक्ट्रॉनिक. एजंटने यार्डात फिरवून दाखवली, बकेट वर-खाली केली, डिस्प्लेवर एक दिवा नाही. तिसऱ्या दिवशी कातळात काम करताना पिवळा दिवा लागला आणि मशीनचा दमच गेला. एजंटला फोन केला, तर "माझ्याकडं होतं तवा चांगलं होतं." सर्व्हिसवाल्याने आठवड्यानंतरची तारीख दिली. नाक्यावरच्या मेकॅनिकने स्क्रीन बघून निदान केलं, "डिझेलच्या प्रेशरचा कोड हाय, पंप गेला." मोठ्या पंपाची किंमत ऐकून हा माणूस माझ्याकडे आला. म्हणे, "दादा, पेपरात छापा."

पेपरात काय छापणार? मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, डिझेलचा नाही. पण कोड लिहून घेतला आणि विचारत सुटलो. एसपीएन १५७, एफएमआय ४. हे आकडे कंपनीची गुप्त भाषा नाहीत. जे-१९३९ नावाचं अवजड वाहनांचं जागतिक मानक आहे, त्यातले आहेत. पहिला आकडा कुठली गोष्ट ते सांगतो : १५७ म्हणजे कॉमन रेलमधला डिझेलचा दाब, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. दुसरा आकडा बिघाड कुठल्या जातीचा ते सांगतो, आणि खरी मेख इथेच आहे. एफएमआय ४ म्हणजे सेन्सरकडून येणारं व्होल्टेज नको तितकं कमी. दाब कमी असं तो म्हणतच नाही. तेच १५७ च्या पुढे १८ असतं तर दाब खरंच कमी आहे, मग फिल्टर, लाईनमधली हवा, शेवटी पंप असं बघत जायचं. १०० च्या पुढे १ दिसला तर मात्र चावी तिथेच बंद करा, ऑइलचा दाब खरोखर घसरलाय.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला. सेन्सरची वायर चासीला घासून सोललेली, आत हिरवा गंज. आपल्याकडची खारी हवा, दुसरं काय. वायर बदलली, कनेक्टर साफ केला, मशीन उठलं. पंपाला हातही लावावा लागला नाही.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. गंजावर नाही.

एजंटवर आहे. जुने कोड इंजिनच्या ईसीयूत साठतात, किती वेळा आले तेही राहतं. विकण्याआधी रीडर लावून ते पुसायला फारसा वेळ लागत नाही. पुसल्यावर बिघाड तसाच राहतो, फक्त पुरावा जातो. यार्डात रिकामं मशीन फिरवल्यावर तो दिसत नाही, लोड आला की दिसतो. घोड्याला रंग लावून बाजारात आणण्याचाच हा प्रकार, फक्त रंगाच्या जागी लॅपटॉप. आणि घेणारा काय बघतो? पेंट आणि टायर-चेन! चावी ऑन करून इंजिन सुरू न करता सगळे दिवे क्षणभर लागतात का, हे किती जण बघतात? चेक इंजिनचा दिवा तेव्हाही लागला नाही, तर तो काढून टाकलेला असू शकतो. मीटरवरचे तास आणि ईसीयूतले तास जुळतात का? मशीन तासभर कातळात चालवून मग कोड वाचले का? कनेक्टर उघडून हिरवट पिना बघितल्या का? २०२१ च्या महापुरात महाडमध्ये चाकावरचं काय काय पाण्याखाली गेलं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. बुडालेलं मशीन रंगवल्यावर कोणी सांगत नाही.

राग कंपन्यांवरही आहे. त्या म्हणतात, सॉफ्टवेअर सगळ्यांना दिलं तर लोक प्रदूषणाच्या सेटिंगशी खेळतील. खेळतात, हे मान्य. आपल्याकडे सेन्सर काढून रेझिस्टर लावणारे उस्ताद मी पाहिलेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण कोड वाचणं आणि सेटिंग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मशीन डिस्प्लेवर स्वतःचेच नंबर दाखवतात आणि त्यांचा तक्ता मालकाला मिळत नाही. पैसे मोजून घेतलेल्या मशीनला काय झालंय, हे मालकाने का वाचायचं नाही?

हा वाद नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधनं मिळू दिली नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या, ते वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राईट टू रिपेअर' पोर्टल काढलं : शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या. रस्ता खणणारं, दरड उपसणारं मशीन यात कुठे? अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांसाठी असा कायदाच केला. आपल्याकडे २०११ पासून मुंबई-गोवा महामार्ग खणतोय, मशीनची काही कमी नाही, पण त्यांच्या मालकांची बाजू घेणारं कोणी नाही.

आता सरकारी बाजू. दरवर्षी मान्सूनपूर्व बैठक होते. आराखड्यात जेसीबी-पोकलेनवाल्यांची नावं आणि मोबाइल नंबर असतात. मशीन चालू आहे का, त्यात कोड किती पडून आहेत, हे कोणी विचारतं का? २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, रस्ते बंद होते. २०२३ ला इर्शाळवाडीत तर मशीन वर न्यायला रस्ताच नव्हता, हातांनी माती उपसावी लागली. उद्या रस्ता असेल, मशीन पोचेल आणि ढिगाऱ्यासमोर पिवळा दिवा लावून बसेल. तेव्हा सर्व्हिसवाल्याची आठवड्यानंतरची तारीख घ्यायची?

मागणी मोठी नाही. आराखड्यातल्या प्रत्येक मशीनचे कोड मे महिन्यात वाचून कागदावर घ्या. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहेच, तिथे अवजड मशीनचे रीडर द्या, पोरं शिकतीलही आणि तपासतीलही. फायनान्सवाल्यांनी जुन्या मशीनवर कर्ज देताना आरसी आणि इन्शुरन्ससोबत लोडवर चालवून काढलेला कोडचा रिपोर्ट मागावा. तुमचेच पैसे अडकतात ना त्यात?

पुढच्या तालुका बैठकीत हे मी विचारणार आहे. ज्यांच्या मशीनवर दिवा लागलाय त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, दोन्ही आकडे दिसतील असा. आणि कृपा करून, फोटो काढायच्या आधी बॅटरीची वायर काढून कोड घालवायला जाऊ नका.